नळीचं तोंड काचेकडे

४ मार्च

चिंगे,

आशीर्वाद राखून ठेवलेत. घरी परत आलीस की समोर बसवून देईन. पत्रातून पाठवून फुकट घालवायचे नाहीत.

तू म्हणालीस म्हणून मी तुझ्या घरी राहायला आलेय. माझ्या खोलीवर पत्रा, दुपारी आत भाजून निघतं. तिथे तुझी ती गार पाण्यातली जनावरं एक दिवस टिकली नसती, एवढं मलाही कळतं. नाहीतर आपली खोली सोडून धाकट्या बहिणीच्या नवऱ्याकडे पथारी टाकणारी बाई मी नाही. लोक काय बोलायचं ते बोलू देत. काज-बटण करायला मला कारखान्यात गणवेश पुष्कळ आहेत, लोकांच्या तोंडाला कुठे करत बसू?

जनावरं बघितली. चार वर्षं त्यांचं कौतुक ऐकतेय, पण नीट कधी बघितलं नव्हतं. ना मासा, ना पाल, ना बेडूक. जन्मभर पाण्यातच राहायचं तर पाय कशाला, आणि पाय आहेत तर बाहेर यायला काय होतं? मानेशी दोन्हीकडे पिसांसारखे तुरे. गुलाबी लठ्ठ ती ढब्बी, आणि काळपट, तुरे विस्कटलेली ती झिपरी. काचेवर बोट टेकवलं की झिपरी चालत येते आणि बोटासमोर तोंड लावून उभी राहते. दोघींच्या तोंडावर कायम हसू. अगदी मेहुण्यांसारखं.

तू चिठ्ठीत तीन वेळा लिहिलंयस की फिल्टरची धार कमी ठेव. एकदा लिहिलं असतंस तरी चाललं असतं, चौथीपर्यंत शाळेत गेलेय मी. आले त्या दिवशी धार इतकी जोरात होती की टाकीतलं पाणी गरगर फिरत होतं. दोघी एका कोपऱ्यात दगडामागे. तुरे पुढे दुमडलेले, वाऱ्यात छत्री उलटावी तसे, आणि शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलेलं. गांडूळ नाकासमोर धरलं तरी बघेनात. माशांच्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदार म्हणाला, मावशी, ही संथ पाण्यातली जात. तुम्हाला दिवसभर कोणी पंख्यासमोर उभं केलं तर जेवण जाईल का? पाणी स्वच्छ हवं, पण धार अंगावर नको. नाहीतर मारहाण न करता मरतात.

घरी येऊन फिल्टरचा खटका अगदी कमीवर केला. संध्याकाळपर्यंत ढब्बीची शेपटी सरळ झाली. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर धार पुन्हा पूर्ण. मेहुणे म्हणाले, खटका सैल झाला असेल ताई, जुना आहे. मी पुन्हा कमी केला.

मेहुण्यांबद्दल सांगायचं तर माणूस सोन्यासारखा आहे. मला खिडकीची खोली दिली. ताई, चहा घेतलात का, ताई, दमलात का. औषधाच्या दुकानात दिवसभर उभं राहून आलेला माणूस दुसऱ्याला दमलात का विचारतो. दारू नाही, शिवी नाही, हात उगारणं नाही. तुझा पत्ता एकदाच विचारला. मी नाही म्हटल्यावर पुन्हा तोंडातून काढला नाही. एवढं सोडून बायकांच्या हॉस्टेलात जाऊन पडण्यासारखं तुला काय झालं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. हे घर मी तुझ्यासाठी धरून ठेवलंय एवढं लक्षात ठेव.

तू पत्ता लिहून, तिकिटं लावून दिलेली आठ पाकिटं शिवणाच्या डब्यात, बटणांच्या पुठ्ठ्याखाली आहेत. हे पहिलं. उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठव. फोनवर दोन मिनिटांत झालं असतं, पण तुझा नवा नंबर मलाही द्यायचा नाही, मेहुणे तो माझ्या फोनमधून काढून घेतील म्हणे! माझा फोन मलाच धड उघडत नाही.

ताई


१२ मार्च

चिंगे,

मी दोन पानं लिहिली आणि तू एक ओळ पाठवलीस. "ताई, नळीचं तोंड काचेकडे कर आणि त्याच्याशी काही बोलू नकोस." शाळेत मी तुझ्याहून कमी गेले, पण कशी आहेस, एवढं विचारायची पद्धत मला माहीत आहे.

तरी केलं. ज्या नळीतून पाणी बाहेर पडतं ती फिरते हे मला माहीत नव्हतं. तोंड मागच्या काचेकडे वळवलं. आता धार आधी काचेवर आपटते, तिथेच तिचा जोर मरतो आणि पाणी हळूच खाली पसरतं. युक्ती चांगली आहे. दोन दिवसांत दोघींचे तुरे उघडले. झिपरीने तर गांडूळ असं ओढलं की माझ्या हातातला चिमटा गेला पाण्यात. मी एकटीच हसले.

तिसऱ्या दिवशी नळी पुन्हा मधोमध. धार थेट त्यांच्या दगडावर. मेहुण्यांना विचारलं. म्हणाले, फिल्टर थरथरतो ना ताई, त्याने फिरत असेल. मी वळवली. ती फिरली. मी पुन्हा वळवली. असं चार वेळा झालं. रविवारी मी दिवसभर घरात होते, तेव्हा एकदाही फिरली नाही. आता फिल्टरला रविवारची सुट्टी असते का, तूच सांग.

मेहुणे दुपारी जेवायला घरी येतात, तेव्हा मी कारखान्यात असते. हे मी नुसतं लिहितेय. मनात काही धरून लिहीत नाही.

आणखी एक. माझा चष्मा मी कायम खिडकीच्या कडेला ठेवते. तो दोनदा कपाटावर सापडला. कपाटावर माझा हात पुरत नाही. मेहुणे म्हणाले, ताई, वय झालं की असं होतं, माझ्या आईचं पण व्हायचं. इतक्या मायेने बोलले की मलाही वाटलं, असेल बाई. मग एकदम आठवलं की तू पण मला असलंच काहीतरी सांगायचीस. ठेवलेली वस्तू जागेवर नसते, गॅस मी बंद केला होता तरी चालू असतो. मी म्हटलं होतं, तुझं लक्ष कुठे असतं? तेव्हा कारखान्यात ऑर्डरची घाई होती. मला वेळ नव्हता.

असू दे. जेवत जा नीट.

ताई


१८ मार्च

चिंगे,

हे पत्र मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. घरी लिहिलं नाही.

नळी फिरते ना, मग तिला काही फिरवलं तरी फरक पडू नये असं करायचं मी ठरवलं. माशांच्या दुकानातून जाड स्पंज आणला. नळीच्या तोंडाला बसेल अशी टोपी कापली, दुहेरी, आणि कडेने तुरपाई घातली. ती टोपी चढवली की नळी कुठेही वळली तरी पाणी स्पंजातून पाझरत येतं, नुसतं झिरपतं. दुकानदार बघून म्हणाला, मावशी, अशी टोपी मी विकायला ठेवीन. तीन दिवस मजेत गेले. ढब्बी टाकीच्या मधोमध पाय पसरून बसायची, जमीनदारीण बसावी तशी.

चौथ्या दिवशी घरी आले तर दोघी पुन्हा कोपऱ्यात. तुरे दुमडलेले. टोपी मात्र नळीवर जागच्या जागी. पाण्यात हात घातला तर टोपीतून धार हाताला ढकलत होती. टोपी काढून उजेडात धरली. टाके सगळे शाबूत. पिळली तर पोकळ लागली. आतला स्पंज कोणीतरी कातरून काढला होता, बोटाएवढं आरपार भोक पाडलं होतं, आणि वरून कड पुन्हा शिवली होती.

मी डावखुरी आहे हे तुला माहीत आहे. कारखान्यात माझ्या तुरपाईचे टाके कोणालाही ओळखू येतात, बाकीच्यांचे एका अंगाला झुकतात आणि माझे दुसऱ्या. देखरेख करणारी बाई गणवेशाचा ढीग बघून सांगते, हे हिचे. त्या टोपीवरचे टाके उजव्या हाताचे होते. पण दोरा माझ्याच डब्यातला, करडा. टाक्यांमधलं अंतर माझ्याइतकंच. शेवटची गाठसुद्धा माझ्यासारखी दोनदा वळवून मारलेली.

चिंगे, रागाच्या भरात त्याने टोपी फाडून फेकली असती तर मी समजले असते. पुरुषाला राग येतो, दोन जनावरांवर निघतो. पण हा दुपारी जेवायला आला, माझा डबा उघडला, सुई ओवली, आणि माझे टाके बघून बघून तसेच घालत बसला. दोन मुक्या जनावरांच्या अंगावर पाणी पडत राहावं एवढ्यासाठी. आणि मला कळू नये म्हणून.

मी टोपी त्याच्यासमोर धरली. तू बोलू नकोस म्हणाली होतीस, पण मला नाही जमलं. त्याने ती हातात घेतली, फिरवून बघितली आणि म्हणाला, "ताई, हे तुम्हीच शिवलंय. तुमचे डोळे तपासून घेऊ या एकदा." चेहऱ्यावर तेच हसू. त्या जनावरांचं हसू म्हणजे तोंडाची नुसती ठेवण, त्याला आनंदाशी काही देणंघेणं नसतं, असं दुकानदार म्हणाला होता. ते मला तेव्हा आठवलं.

मग माझं तोंड सुटलं. म्हटलं, शनिवारी दोघींना घेऊन मी निघते. कारखान्याच्या तळघरात कापडाचं कोठार आहे, गारठा असतो तिथे, मी विचारून ठेवलंय. आमचा गाडीवाला टाकी उचलायला येईल. तो म्हणाला, जशी तुमची इच्छा. आणि मला चहा करून दिला.

तू तीन वेळा माझ्या खोलीवर आली होतीस. पहिल्यांदा पिशवी घेऊन, दुसऱ्यांदा पिशवीशिवाय, तिसऱ्यांदा चपलांशिवाय. तिन्ही वेळा मीच तुला परत पोचवलं. तिसऱ्यांदा तू म्हणालीस, ताई, रात्रीच्या दुधाला औषधाचा वास येतो, मला सकाळी जाग येत नाही, एक दिवस येणारच नाही. मी काय म्हणाले ते तुझ्या लक्षात असेल. औषधाच्या दुकानातल्या माणसाच्या हाताला औषधाचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येणार. आणि हसले. रिक्षात बसवून दिलं तुला.

हे लिहायला मला दोन सुट्ट्या लागल्या. काल निम्मं लिहून ठेवलं होतं.

ताई


२३ मार्च

चिंगे,

शनिवारी निघायचं होतं, शुक्रवारी मी पडले. टाकीसमोर फरशीवर पाणी होतं. सकाळी उठून जनावरांना बघायला गेले आणि पाय सरकला. घोट्याच्या वर हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे. तो धावत आला, मला उचललं, डॉक्टरकडे नेलं, सगळं केलं. म्हणाला, नळी निसटली असेल, पाणी उडालं असेल. बाहेरच्या काचेवर पाण्याचा एक थेंब नव्हता, हे मी पडल्या पडल्या बघितलं.

त्याने माझा पलंग टाकीच्या खोलीत आणलाय. म्हणाला, तुम्हाला करमेल. दुकानातून रजा घेतलीय. शेजारची मास्तरीण म्हणते, नशीबवान आहात, सख्खा भाऊ करणार नाही एवढं करतोय. तिला मी काय सांगणार? तो फिल्टरची नळी वळवतो म्हणून? मीच असलं ऐकलं असतं तर हसले असते. हसलेच होते.

स्पंजची टोपी गेली. धार पूर्ण आहे. पाण्याचा तो आवाज दिवसभर कानात आहे, आणि मला टाकीपर्यंत सहा पावलं टाकता येत नाहीत. तो समोर खुर्ची घेऊन बसतो, हात गुडघ्यांवर, आणि त्यांच्याकडे बघतो. वर्तमानपत्र नाही, टीव्ही नाही. नुसता बघतो. मी म्हटलं, कमी करा ना ती धार. म्हणाला, "सवय होते ताई. सगळ्यांना होते. वेळ द्यावा लागतो." मग बघत बसला. ढब्बी काल पाण्यावर तरंगली होती, एका अंगावर. झिपरी दगडाखाली शिरलीय. मी पलंगावरून बोट हलवते तर तिला दिसत नाही.

दुखण्यावर म्हणून तो दिवसातून तीनदा गोळी देतो. पहिले दोन दिवस मी घेतल्या आणि बैलासारखी झोपले. कोण आलं, कोण गेलं, कळलं नाही. कालपासून गालात धरते आणि तो वळला की उशीच्या अभ्र्यात टाकते. पाय फार दुखतो, पण डोळे उघडे राहतात.

एक गोष्ट सांगते, ती मी अजून कोणालाच सांगितलेली नाही. दुपारी तो म्हणतो, ताई, जरा दुकानात जाऊन येतो. दार ओढून घेतो. जिन्यावरून पावलं खाली जातात, मोठ्याने वाजतात. मला काम नाही, मी मोजते. या जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत, मी रोज चढलेय. पावलं अकरा वाजतात आणि थांबतात. काल बराच वेळ गेला. मला वाटलं, आता गेला, म्हणून भिंत धरून उठायला लागले, एक पाय खाली टेकवला, तर दार उघडून हा आत. म्हणाला, पाकीट विसरलं होतं. पाकीट त्याच्या हातातच होतं.

पत्र मास्तरणीच्या हातून पाठवतेय. तिला म्हटलं, पाकीट पिशवीत ठेवा, हातात दाखवत नेऊ नका. तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी खुळी आहे.

तू येऊ नकोस. माझा पाय मोडला हे ऐकून धावत सुटशील, म्हणून मुद्दाम लिहिते. तू कुठे आहेस ते त्याला माहीत नाही, तेवढं एकच चांगलं आहे. माझ्या जिभेचा काही भरवसा नाही, पण पत्ता मी सांगितलेला नाही. सांगणारही नाही.

ताई


२९ मार्च, सकाळी

चिंगे,

घाईत लिहितेय, अक्षर लावून वाच. गाडीवाला दारात उभा आहे.

आज मला जाग आली तेव्हा घरात तो नव्हता. रात्री दूध दिलं होतं. वासावरून कळलं म्हणून कुंडीत ओतायला गेले, पण तो समोर उभा राहिला, तेव्हा चार घोट घ्यावे लागले. चार घोटांत मी उजाडेपर्यंत मेल्यासारखी होते. तुला तो पेला भरून द्यायचा.

टाकीत ढब्बी एकटी आहे. दगड उचलून बाजूला ठेवलाय, झिपरी नाही. मास्तरीण बघून आली, न्हाणीतली झाकणाची पांढरी बादली नाही. झाकणाला भोकं पाडली असणार, प्लास्टिकचा भुगा तिथे फरशीवर पडलाय.

आधी वाटलं, फेकली असेल. मग तुझं पत्र आठवलं. गाडीवाल्याने ते पंचवीस तारखेला कारखान्यातून आणून दिलं होतं. तू लिहिलं होतंस, ताई, तू तिथून निघ, जनावरांचं राहू दे, फक्त झिपरीला एकदा बोट लावून बघायचं होतं. ते पत्र मी चार घड्या घालून उशीखाली ठेवलं होतं. आता त्याला तीनच घड्या आहेत.

मग शिवणाचा डबा मागवला. तेवीस तारखेचं पाकीट काढल्यापासून तो कपाटात होता. मास्तरणीने काढून दिला. तू आठ पाकिटं दिली होतीस, चार मी पाठवली. चार राहायला हवीत. बटणांचा पुठ्ठा उचलला तर तीन आहेत. मी तिच्याकडून पुन्हा मोजून घेतली. तीनच. मी पत्ता सांगितला नाही, सांगितला नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटत होते, आणि पत्ता माझ्या डब्यात आठ वेळा लिहिलेला होता. त्याने तो डबा माझ्या दोऱ्यासाठी उघडला होता हे मला अठरा तारखेलाच माहीत होतं. मीच तुला ते लिहिलं. तरी पाकिटं हलवायचं माझ्या डोक्यात आलं नाही. टाके ओळखायला निघाले होते मी, मोठी शहाणी.

मास्तरणीने हॉस्टेलचा फोन नंबर शोधून काढला. तुमच्या हॉस्टेलच्या बाईशी मी स्वतः बोलले. म्हटलं, माझ्या बहिणीला निरोप द्या, तिचा नवरा येतोय, तिला भेटू देऊ नका. ती म्हणाली, "त्यांचा परवाच फोन आला होता. फार सभ्य गृहस्थ आहेत. ते म्हणाले, थोरल्या बहिणीला भास होतात, औषधं चालू आहेत, तिचा फोन आला तर मनावर घेऊ नका." मी ओरडले. ओरडायला नको होतं. तिने फोन ठेवला, मग उचललाच नाही. मास्तरीण पोलिसांशी बोलली. ते म्हणाले, नवरा बायकोला भेटायला चाललाय, यात तक्रार कसली. मास्तरीण आता माझ्या पलंगाशी बसून रडतेय. म्हणते, मी तुम्हाला खुळ्या समजत होते.

पहाटेच्या बसने गेला असेल तर त्याला दोन ठिकाणी बस बदलावी लागेल, आणि बादलीतलं पाणी सांडू नये म्हणून जपून जावं लागेल. संध्याकाळच्या आत पोचणार नाही. आमचा गाडीवाला गणवेशांचे गठ्ठे घेऊन त्याच रस्त्याने निघालाय, तो थेट येतो, चारपर्यंत पोचेल. तो हे पत्र तुझ्याच हातात देईल. ओळख पटावी म्हणून त्याच्याजवळ स्पंजची टोपी दिलीय, माझ्या टाक्यांची नवी, आताच शिवली. मला गाडीत चढता येत नाही. दोघांनी उचलून बघितलं, पाय वाकत नाही आणि पुढे जागा नाही. नाहीतर मी आलेच असते, माझ्या तोंडाने दार अडवून बसले असते.

पत्र वाचलंस की पिशवी भरत बसू नकोस. गाडीवाल्याबरोबर निघ. तो तुला कुठे उतरवेल ते मला सांगू नका, दोघांपैकी कोणीही. मी एकदा शहाणपण दाखवलंय, पुरे.

आणि गाडीला उशीर झाला, हे पत्र हातात पडेल तेव्हा तो दाराशी येऊन पोचला असेल, तर एवढं ऐक. तो दारावर मारणार नाही, आवाज चढवणार नाही. बादली दाराशी ठेवेल. म्हणेल, ही खात नाही, तुझ्यावाचून मरतेय, एकदा बोट लाव. ते खरंही असेल. त्यानेच तिला तशी केलीय, महिनाभर, रोज थोडी थोडी. तुझा जीव तिच्यात आहे हे त्याला माझ्या उशीखालून कळलं. हॉस्टेलची ती बाई म्हणेल, किती लांबून आलेत, पाणी तरी विचार. त्याने दिलेलं काही पिऊ नकोस. त्याच्याशी बोलू नकोस. तू मला तेच लिहिलं होतंस आणि मी ऐकलं नाही.

दुकानदार म्हणाला होता, या जनावरांना आवाज नसतो. काहीही झालं तरी ओरडत नाहीत, तुरे दुमडतात आणि खाणं सोडतात, आपण ओळखायचं. तुला तर आवाज होता. तू तीन वेळा दार वाजवून सांगितलंस.

आता मी भिंत धरून टाकीपर्यंत गेले, सहा पावलं. मास्तरीण धरायला आली तिला नको म्हटलं. नळीचं तोंड काचेकडे वळवलंय. ढब्बी अजून एका अंगावर आहे, पण तुरे जरासे हलतायत. बघू.

गाडीवाला घाई करतोय.

पहिल्या पत्रात राखून ठेवलेले आशीर्वाद सगळे आता घे. परत येऊ नकोस, कधीच नको. झिपरीला विसर. दार उघडू नकोस. तो बादली ठेवून निघाला, पावलं जिन्यावरून खाली गेली, सगळं गप्प झालं, तरी उघडू नकोस. तो अकराव्या पायरीवर थांबतो.

ताई